शेतीसंरक्षण बंदूक

शेतीसंरक्षण बंदूक म्हणजे रानटी जनावरांपासून उभ्या पिकाचे रक्षण करण्यासाठी शेतकऱ्याला परवान्यावर बाळगता येणारे अग्निशस्त्र होय. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ व वेंगुर्ला या तालुक्यांत, अशा बंदुका परंपरेने घरोघरी आढळतात. ही बंदूक बहुधा ठासणीची किंवा काडतुसाची एकनळी असते. बोल्ट ॲक्शन रायफल तिच्याहून कितीतरी अचूक असली तरी कायदा, किंमत आणि भूरचना या तिन्ही कारणांनी शेतकऱ्याच्या हाती ती क्वचितच दिसते. स्वस्त आणि अचूक शस्त्र कोणते, हा प्रश्न येथे शिकारीच्या हौसेचा नसून वर्षाच्या भाताचा आणि माडाबागेचा असतो.

== पार्श्वभूमी ==

तेरेखोल नदीच्या काठी वसलेल्या आरोंद्यासारख्या गावात शेताचे दोन भाग पडतात. खाली खाडीलगतची खाजणे व भाताचे मळे, आणि वर भरडावर काजू, आंबा व दाट झुडपे. रानडुक्कर दिवसा वरच्या झाडीत दडते आणि रात्री खाली उतरते. ते जेवढे खाते त्याहून अधिक नासते. पोटरीला आलेले भात एका रात्रीत लोळवून टाकते, बांध उकरते, कंद उपटते. माकड व वानर दिवसा येतात आणि कोवळे नारळ, केळी व काजूची बोंडे यांवर हात मारतात. सह्याद्रीच्या पायथ्याकडील गावांत गव्यांचे कळप उतरतात, आणि २००२ पासून दोडामार्ग भागात कर्नाटकातून आलेले हत्तीही बागायतीत शिरू लागले आहेत.

यांपैकी प्रत्येक जनावरावर बंदूक हा उपाय नव्हे, हे प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. गवा व हत्ती यांना कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. माकडावर बंदूक रोखणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि परवान्याशिवाय मिळणारी हवेची बंदूक वापरली म्हणून तो गुन्हा सौम्य होत नाही. व्यवहारात शेतीसंरक्षण बंदुकीचा प्रश्न जवळजवळ पूर्णतः रानडुकराचा प्रश्न आहे.

संस्थानी काळात सावंतवाडीच्या जंगलात शिकार हा राजघराण्याचा व मानकऱ्यांचा छंद होता, तर रयतेची बंदूक राखणीची होती. ब्रिटिश हिंदुस्थानात लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा झाला आणि परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ याने घेतली. सध्याचे नियम २०१६ चे आहेत.

== परवाना ==

शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक पायरी आहे आणि ती फारशा लोकांना ठाऊक नसते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागणी असल्यास परवाना द्यावयाचा तो ठासणीच्या बंदुकीचा. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची परिस्थिती पाहून खात्री पटली, तरच त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. तिची नळी किमान वीस इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर, असली पाहिजे. रायफल या वाटेत कोठेच बसत नाही. तिच्यासाठी त्याच कलमाखाली वेगळा अर्ज करून सबळ कारण दाखवावे लागते. रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी मिळणारी सवलत ही आणखी निराळी बाब आहे.

अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे सिंधुदुर्गात ओरोस येथील जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, करावा लागतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. जमिनीचे उतारे, पोलिसांचा चौकशी अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असा कागदांचा प्रवास असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली व एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. त्याच दुरुस्तीने विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा दोन वर्षे कारावास अशी केली. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली आजोबांची चालू स्थितीतील ठासणीची बंदूकही या व्याख्येत येते.

== पर्याय ==

=== ठासणीची बंदूक ===

हिची दारू, मधले बोंदर आणि छरे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागतात. मागील बाजूस लहान तोटीवर टोपी बसवली जाते. चाप ओढताच घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. यंत्रणा इतकी साधी आहे की गावचा कसबी लोहारही तिचा दोष ओळखू शकतो. किमतीला ती सर्वांत स्वस्त, आणि परवान्याच्या दृष्टीने सर्वांत सुलभ.

तिचे दोष मात्र कोकणात अधिक जाणवतात. भाताची राखण पावसाळ्याच्या उत्तरार्धात करावी लागते आणि त्याच दिवसांत दारू सर्दावते. बार फुसका गेला तर दुसरा भरण्यास मिनिट-दीड मिनिट लागते. काळ्या दारूची राख हवेतील ओल ओढून घेते. खाऱ्या वाऱ्याच्या गावात ती एका रात्रीत नळीला गंज चढवते. म्हणून वापरानंतर नळी कढत पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, आतून तेलाचा हात द्यावा लागतो. पुष्कळ घरांत खोबरेल तेल वापरतात. ते थंडीत थिजते व कालांतराने चिकट होते, त्यामुळे यंत्रांसाठीचे पातळ खनिज तेल अधिक योग्य.

सर्वांत मोठा धोका निराळाच आहे. ही बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून पाहून कळत नाही. संध्याकाळी भरलेली बंदूक जनावर न आल्यास तशीच खुंटीवर जाते आणि घरातील माणसे ती रिकामी समजतात. जुने जाणते लोक गजावर एक खूण करून ठेवीत: रिकाम्या नळीत गज घातल्यावर तोंडाशी जेथे येतो तेथे एक रेघ. रेघ नळीच्या बाहेर राहिली तर आत काहीतरी आहे. ही रेघ ओढण्यास काहीच खर्च येत नाही, आणि तरीही ती नसलेल्या बंदुकाच अधिक दिसतात.

=== काडतुसाची बंदूक ===

आज नवा परवाना घेणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत विचारार्ह पर्याय म्हणजे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. 'बारा बोअर' या संज्ञेचा अर्थ असा की नळीच्या मापाचे शिशाचे गोल केले तर एका पौंडात बारा बसतात. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. नळीला आतून आटे नसतात म्हणून ती 'गुळगुळीत नळीची'.

या बंदुकीचे खरे सामर्थ्य काडतुसाच्या निवडीत आहे. बारीक छऱ्याचे काडतूस पाखरांसाठी असते. त्याने डुक्कर मरत नाही, केवळ जखमी होते, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी गवत कापावयास गेलेल्या बाईवर धावते. अधिकृत परवानगीने डुक्कर मारावयाचेच असेल तर एलजी किंवा एसजी या नावाने मिळणारे मोठ्या छऱ्यांचे, अथवा एकाच गोळीचे काडतूस लागते. मोठे छरे असले तरी भरवशाचे अंतर तीस-पस्तीस मीटरच्या आतलेच. त्यापुढे छरे फाकतात आणि दोन-तीनच लागतात. बारा बोअरची देशी काडतुसे पुण्यानजीकच्या खडकी दारूगोळा कारखान्यात तयार होतात. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन सात कंपन्या झाल्या, त्यांपैकी म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे तो कारखाना गेला.

एकनळी की दुनळी, याचे उत्तर खिशावर अवलंबून आहे, पण केवळ खिशावर नाही. दुनळीत दोन निरनिराळी काडतुसे भरता येतात: एका नळीत केवळ आवाजासाठी, दुसरीत प्रसंग पडल्यास. राखणीचे बहुतेक काम आवाजानेच होते. मात्र दुनळी वजनदार असते, आणि तिच्या दोन्ही घोड्यांची व चापांची यंत्रणा नीट नसेल तर एक चाप ओढताना दोन्ही बार निघण्याची शक्यता राहते. डळमळीत जुन्या दुनळीपेक्षा घट्ट बसणारी एकनळी केव्हाही बरी.

=== बोल्ट ॲक्शन रायफल ===

रायफलच्या नळीला आतून सर्पिल आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व भोवऱ्याप्रमाणे दिशा धरून राहते. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा आडणा: मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे सारून खाली दाबली की नवे काडतूस नळीत जाऊन दार बंद होते. भाग थोडे, जोड घट्ट, आणि लष्करांसाठी लाखोंच्या संख्येने बनल्यामुळे उत्पादन स्वस्त. अचूक असूनही परवडणारी शिकारी रायफल जगभर बहुधा बोल्टचीच का असते, याचे उत्तर एवढेच आहे.

या यंत्रणेची दोन घराणी मानता येतील. जर्मनीच्या पॉल माउझर यांच्या १८९८ च्या रचनेत बोल्टला पुढील टोकाशी दोन कान असतात, ते नळीच्या अगदी मागे अडकतात आणि स्फोटाचा ताण तेथेच झेलतात. जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेवर आधारलेल्या ली-एन्फिल्डमध्ये हे कान मागील बाजूस आहेत; त्यामुळे बोल्ट किंचित दबतो व सूक्ष्म अचूकतेत ती माउझरच्या मागे राहते, पण चालवण्यास ती अधिक जलद. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध ०.२७५ रिग्बी ही माउझर घराण्यातील. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा बंदोबस्त केल्याबद्दल ती त्यांना १९०७ साली भेट मिळाली होती.

भारतात मात्र निवड घराण्यांतून करावयाची नसते. लष्कराच्या मापाची ०.३०३ रायफल सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, कारण त्या मापाचे काडतूस सैन्याच्या साठ्यातून बाहेर फुटण्याची भीती ब्रिटिशांना होती. या बंदीवर तोड म्हणून ली-एन्फिल्डचाच सांगाडा घेऊन त्याला ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलचे ८ मिलिमीटरचे काडतूस बसवले गेले, आणि '०.३१५ स्पोर्टिंग रायफल' जन्मास आली. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल कारखान्याने तीच पुढे चालू ठेवली. तिची गोळी जड, सुमारे सोळा ग्रॅमची. रानडुकरासाठी गरजेहून अधिक. परदेशी रायफल व्यक्तिगत वापरासाठी आयात करणे सर्वसामान्यांना शक्य नसल्याने भारतीय खरेदीदारापुढे ०.३१५, त्याच कारखान्यांची ०.३०-०६ आणि जुन्या संग्रहांतून फिरणाऱ्या इंग्रजी-जर्मन रायफली एवढेच पर्याय उरतात. ०.२२ ची लहान रायफल सरावाची. डुकरावर ती वापरणे क्रौर्य होय.

किंमत बाजूस ठेवली तरी कोकणात रायफलीविरुद्ध एक भक्कम आक्षेप आहे. बारीक छरे दोन-अडीचशे मीटरवर निष्प्रभ होऊन पडतात, पण रायफलची गोळी तिरकी सुटल्यास दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. आरोंद्यासारख्या गावात वाड्या विखुरलेल्या आहेत. मळ्याच्या पलीकडे झाडी दिसते, पण झाडीच्या पलीकडे कोणाचे तरी खळे असते. रात्री विजेरीच्या उजेडात, सपाट खाजणात, मागे डोंगर किंवा मातीचा उंच बांध नसताना रायफल चालवणे म्हणजे गोळी कोठे थांबेल हे ठाऊक नसताना ती सोडणे. कायदा करणाऱ्यांच्या मनात काहीही असो, गुळगुळीत नळीचे बंधन येथील जमिनीला मानवते.

== अचूकतेचा विचार ==

बंदुकीची अचूकता मोजण्याची रीत सोपी आहे. शस्त्र टेकूवर स्थिर ठेवून एकाच बिंदूवर काही गोळ्या झाडतात आणि त्यांच्या छिद्रांमधील सर्वाधिक अंतर पाहतात. चांगली बोल्ट रायफल १०० मीटरवर सर्व गोळ्या तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकते. साधारण रायफल आठ-दहा सेंटिमीटरच्या. आता रानडुकराच्या छातीतील मर्मस्थान पंधरा-वीस सेंटिमीटरचे आणि राखणीतील अंतर वीस-तीस मीटरचे. त्या अंतरावर साधारण रायफलची चूकही तीन सेंटिमीटरपलीकडे जात नाही. म्हणजे अधिक अचूक रायफलवर केलेला जादा खर्च राखणीच्या कामी वाया जातो. चूक होते ती हाताची, उजेडाची आणि घाईची.

गुळगुळीत नळीबाबत वेगळी परीक्षा करावी लागते. तीस पावलांवर मोठा कागद लावून, मागे मातीची भिंत असताना, परवानगी असलेल्या जागी एक बार काढावा आणि छरे किती रुंद पसरले व मधोमध मोठी मोकळी जागा राहिली का ते पाहावे. एकाच कंपनीच्या दोन बंदुका एकच काडतूस निरनिराळ्या रीतीने फेकतात. दस्ता खांद्याला नीट बसतो का, गाल टेकल्यावर डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो का, हेही तितकेच महत्त्वाचे. काळोखात बारीक माशी दिसत नाही. तेव्हा बंदूक अंगाला बसणे हाच नेम असतो.

== जुनी बंदूक पारखताना ==

नव्या शस्त्राची किंमत न परवडल्याने पुष्कळ शेतकरी परवानाधारक विक्रेत्याकडून जुनी बंदूक घेतात. तीत गैर काही नाही, परंतु काही गोष्टी पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धरावी. आतील कडी एकसारख्या गोल दिसल्या पाहिजेत. कोठे सावलीचा वळसा दिसला तर नळी तेथे फुगलेली किंवा चेपलेली आहे. बारीक खड्डे पडले असतील तर गंज जुना आहे. बंदूक मोडून पुन्हा बंद करावी व नळी दोन्ही हातांनी हलवून पाहावी. सांध्यात खेळ असेल तर ती बाजूस ठेवावी.

विलायती दुनळ्यांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. पट्ट्या पिळून बनवलेल्या नळ्यांवर, ज्यांना दमास्कस म्हणतात, सुंदर लहरी दिसतात. त्या काळ्या दारूच्या जमान्यातील आहेत आणि आजच्या धूरविरहित दारूचा दाब त्यांना सोसेलच असे नाही. बर्मिंगहॅम किंवा लंडन येथील परीक्षण-चिन्हांत धूरविरहित दारूची परीक्षा झाल्याची खूण नसेल तर ती बंदूक भिंतीवरच शोभते. तसेच जुन्या नळ्यांतील काडतुसाची खोबण ६५ मिलिमीटरची असते, तर आज मिळणारी पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची. लांब काडतूस अशा खोबणीत बसते, दारही लागते, आणि म्हणूनच फसगत होते. तोंड उघडण्यास जागा न मिळाल्याने दाब धोकादायक वाढतो.

== वन्यजीव कायदा आणि बंदुकीचा वापर ==

शस्त्र परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे. या दोहोंतील गल्लत हेच बहुतेक खटल्यांचे मूळ असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेही संपुष्टात आले. शिकार या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक आहे की हाका घालणे, फासे लावणे व आमिष ठेवणे हेही तीत मोडते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना केल्यावर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. अकराव्या कलमानुसार, उभ्या पिकासह मालमत्तेस धोका निर्माण करणारे अशा अनुसूचीतील जनावर मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता ठरते. त्याचे मांस वाटून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि वाटण्या ही गावची जुनी रीत असली तरी न्यायालयात ती सांगून उपयोग नसतो. प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना सद्भावनेने केलेली कृती मात्र गुन्हा मानली जात नाही.

केरळने २०२२ मध्ये पिकात शिरणाऱ्या डुकरांबाबत परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणले. आजचे पीक उद्या उरत नाही, त्यामुळे परवानगीस लागणारा वेळ हाच खरा अडसर आहे, हे त्यामागील तर्कशास्त्र कोकणालाही लागू पडते.

बंदूक नाही आणि परवानगीही नाही अशा स्थितीत काही जण कुंपणात घरगुती विजेची तार सोडतात, फासकी लावतात किंवा आमिषात स्फोटक ठेवतात. यांत बिबटे, गुरे आणि माणसेही बळी पडतात. यंत्राद्वारे क्षणिक झटका देणारे सौर कुंपण हा यापेक्षा सर्वस्वी वेगळा व कायदेशीर उपाय आहे. कार्बाइड घालून केलेल्या नळकांड्यांच्या आवाजाने माकडे पळतात खरी, पण त्यांनी डोळे गेल्याची उदाहरणेही घडली आहेत.

== सीमा, निवडणूक आणि वारसा ==

आरोंद्याच्या शेतकऱ्याला एक स्थानिक अडचण आहे. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोव्याचा पेडणे तालुका लागतो. नात्यागोत्याने व जमिनीने दोन्ही तीर एकच असले तरी शेतीसंरक्षण परवान्यावर त्याचे क्षेत्र नोंदलेले असते. पलीकडच्या मेहुण्याच्या बागेत डुक्कर शिरले म्हणून येथील बंदूक तेथे नेणे हा परवान्याचा भंग ठरतो, मग बंदूक रिकामी असो वा भरलेली.

निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्हास्तरीय छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावयाचा असतो. सरसकट सर्वांची शस्त्रे घ्यावयाची नसतात. शेतीसंरक्षण परवानाधारकाने सूट हवी असल्यास त्या समितीकडे वेळेत लेखी अर्ज करणे आवश्यक ठरते. विधानसभेची निवडणूक ऐन भातकापणीच्या दिवसांत आली तर या अर्जाचे मोल कळते.

वारशाचा प्रश्न अधिक चिघळलेला आहे. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नाही. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा त्याने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. हयातीत केलेला हा बदल सोपा असतो. मृत्यूनंतर मात्र बंदूक तत्काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, सर्व वारसांच्या संमतीची पत्रे लागतात, आणि तीन वारसांपैकी दोघे मुंबईत तर एक आखाती देशात अशी स्थिती असते. तोवर शेताची राखण पत्र्याच्या डब्यावर काठी आपटून होते.